हिला नीट पाहून घे

सून मटार सोलत बसली होती. सकाळची कामं उरकली होती, दुपारची अजून लागायची होती. तेवढ्यात तात्या, म्हणजे तिचे सासरे, एका पाहुणीला थेट स्वयंपाकघरातच घेऊन आले. पाहुणी नाटकातली नायिका होती. तात्यांनी विधवांच्या दुःखावर संगीत नाटक लिहिलं होतं. निराधार बायकांच्या आश्रमाच्या मदतीसाठी त्याचा एकच खेळ व्हायचा होता, आणि विधवेचं काम हिच्याकडे होतं.

"हिला नीट पाहून घे," तात्या म्हणाले. "बसणं, उठणं, बोलणं. अगदी अस्सल आहे."

"अस्सल असायला वहिनी काय तूप आहेत होय, तात्या?" नायिका म्हणाली, आणि समोर मांडी घालून शेंगा सोलायला लागली.

सुनेला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी, चांगलं खळखळून. पण लगेच तिची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे गेली आणि हसू ओठांवरच विझलं. आत सासूबाई पडल्या होत्या.

तात्या गेल्यावर नायिकेनं हळूच विचारलं, "रागावतात?"

"छे हो. आई कधीच रागावत नाहीत."

ते खरंच होतं. नवरा गेल्यावर तिला कुणी छळलं नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त एकदा भांडी विसळताना ती गुणगुणत होती, तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझा मुलगा गेलाय गं," एवढंच म्हणाल्या. गाणं त्या दिवशी थांबलं. मग रंगीत कपडे पेटीच्या तळाशी गेले. "तू कशाला उगाच दगदग करतेस" म्हणता म्हणता लोकांकडे जाणंयेणंही सुटलं. बंदी कुणी घातलीच नव्हती, मग मोडणार तरी कुणाची?

"आधी गायचात का, वहिनी?"

"गायचे. हे पेटी वाजवायचे."

नायिका येत राहिली. नाटकातल्या शेवटच्या पदाला मनासारखी चाल मिळत नव्हती. एकदा सासूबाई बाहेर गेल्या असताना सुनेनं ते पद हलक्या आवाजात म्हणून दाखवलं. नायिका शेंगा सोलायचं विसरली.

"हीच चाल घेते मी. पण तुम्ही समोर बसायचं हं. चुकलं तर तुमच्या तोंडावरून कळेल मला."

खेळ दुपारचा होता. सकाळी सुनेनं सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री केली आणि शेवटी, इस्त्री निवत आलेली असताना, पेटीतून काढलेल्या आपल्या निळ्या साडीवरून फिरवली. मग ती बाहेरच्या खोलीत आली.

"तात्या, मी पण येऊ का?"

तात्यांनी चष्मा काढून पुसला. "माझी काही हरकत नाही गं. पण तू समोर दिसलीस की लोक म्हणतील, घरचंच मांडलंय. विषय राहील बाजूला आणि चर्चा होईल आपल्या घराची."

"मागे बसते. दिवे मालवल्यावर आत येते."

"आणि चार बायका तुझ्याकडे बघून हळहळल्या, तर सोसेल का तुला?" सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मायेचाच होता. "तुझ्याच भल्यासाठी सांगते, बाळ. पुढच्या खेळाला बघू."

पुढचा खेळ नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं. सून "बरं" म्हणाली. साडी घडी करून तिनं पुन्हा तळाशी ठेवली.

सगळे गेले. ऊन भिंतीवरून उतरत गेलं. आता शेवटचं पद आलं असेल, असं तिला वाटलं. आपणही म्हणावं म्हणून तिनं तोंड उघडलं. घरात कुणी नव्हतं. तरीसुद्धा तिची नजर दाराकडे गेली, आणि सूर गळ्यातच राहिला.

दिवेलागणीला मंडळी परतली. सासूबाईंचे डोळे सुजले होते.

"इतकी रडले गं आज! कसलं काम केलंय पोरीनं! हसते काय, दाराकडे बघते काय आणि अशी विझते की काळजात चर्र झालं बघ. आणि ते शेवटचं पद... त्या सासूला धरून चांगलं बदडावं असं वाटत होतं मला."

सून त्यांच्या चपला बाजूला ठेवत होती. वर न बघता म्हणाली, "तिची सासू काही वाईट नसेल हो, आई."

"तू पाहिलंस कुठे नाटक?"

"नाही पाहिलं."

सासूबाई थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. काहीतरी ओठांशी येतंय असं वाटलं. मग त्यांनी कपाळ दाबलं. "डोकं फार धरलंय. जरा पाणी तापव."

सुनेनं पाणी ठेवलं.

सासूबाई खरंच रडल्या होत्या. त्या अश्रूंना खोटं म्हणण्याचं पाप मी करणार नाही. पण बायांनो, दुसऱ्याच्या दुःखासाठी आपण रुमाल भिजवून घरी येतो, तेव्हा दार कोण उघडतं? पुढच्या वेळी निघताना तिच्याजवळ क्षणभर थांबा. जगाला सुधारायचं राहू दे. देवाला स्मरून तिला दोनच शब्द म्हणा: "तूही चल."