बाटलीखालची रोपं

घरात रोपं रुजवावीत ती थोरल्या सुनेनंच, असं वीस वर्षं चालत आलं होतं. यंदा मात्र गच्चीवरच्या कुंड्यांतली तिची टोमॅटोची रोपं वाऱ्यानं आडवी केली, आणि धाकट्या जावेची बारा रोपं बूड कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांखाली मजेत उभी राहिली. "धाकटीच्या हाताला गुण आहे हो!" असं सासूबाई येताजाता म्हणत. थोरलीच्या अंगाचा तिळपापड होई. कालची आलेली पोर, आणि म्हणे हिच्या हाताला गुण!

धाकटी आठवडाभर माहेरी निघाली.

"ताई, रोपांकडे बघाल ना?"

"बघते की."

तिची पाठ वळताच थोरलीनं बाराही बाटल्या उचलून कोपऱ्यात भिरकावल्या. लागू दे जरा ऊनवारा, काढू दे नखरे!

दोन दिवस रोपं माना टाकून बसली. थोरलीला जेवण गोड लागलं. तिसऱ्या दिवशी मात्र मेली पुन्हा ताठ उभी राहिली.

धाकटी परतली ती थेट गच्चीवर; मागोमाग सासूबाई आणि थोरलीही.

"अगबाई, बाटल्या काढल्यात? मला तर धीरच होत नव्हता! आई, बघा, वारा लागून देठ कसे दणकट झालेत. ही ताईंची करामत!"

"म्हटलंच मी," सासूबाई म्हणाल्या, "थोरलीचा हात तो थोरलीचाच."

हवं ते सगळं पदरात पडलं होतं, पण धाकटीनं दिलेलं, म्हणून थोरलीच्या घशाखाली उतरेना.

"वेळेवर काढाव्या लागतात," ती फणकारली. "सगळं काय मीच सांगायचं?"