फुलांवरचा आळ

सुनेच्या हातावर गांधी उठल्या की आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. मी फुलांना बोल लावायचो आणि आमची ही फ्रिजमधून बर्फ काढायची.

आमचं फुलांचं दुकान. मागच्या थंड खोलीतून बादल्या बाहेर आणायच्या, देठं छाटायची, गुच्छ बांधायचे, हे सगळं सूनबाईनं आल्याआल्या अंगावर घेतलं. त्यात तिचा जीव होता. गिऱ्हाईकही तिलाच विचारत यायचं. पण थोड्याच वेळात मनगटं लाल, टम्म, आणि खाज अशी की सांगता सोय नाही.

ही बोलायला फटकळ. कौतुकाचा शब्द तोंडून निघेल तर शपथ. पण गांधी दिसल्या की सुनेचा हात मांडीवर घ्यायची आणि फडक्यातला बर्फ फिरवत बसायची. सुनेला फुलं मानवत नाहीत, असा निकाल देऊन आम्ही तिला गल्ल्यावर बसवलं. तिनं हूं की चूं केलं नाही, पण चेहरा उतरला तो उतरलाच. आणि तिथंही, गार पाण्यानं फरशी पुसली की पुन्हा तेच.

मग डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पिशवीतला बर्फ तिच्या हातावर ठेवला. काढल्यावर थोड्या वेळानं तिथं बर्फाच्याच मापाची चौकोनी गांध उठली. तुमच्या सुनेला गारवा सोसत नाही, फुलांचा काही दोष नाही, असं त्या म्हणाल्या. गोळ्या दिल्या, गार पाण्यात पोहायचं नाही म्हणून बजावलं, आणि ओठ-घसा सुजला किंवा दम लागला तर तडक दवाखाना गाठायला सांगितलं. थंड खोलीत आता मीच जाणार, हे मी तिथंच जाहीर केलं.

रस्त्यात ही सुनेला म्हणाली, "म्हणजे मी आगीत तेल ओतत होते. आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस?"

"बर्फानं वाढतं हे मला कळलं होतं, आई." सूनबाई खाली बघत होती. "बोलले असते तर फुलंही हातची गेली नसती. पण तुम्ही हात घेऊन बसायचात. माझी आई गेल्यापासून तसं कुणी बसलं नव्हतं."

हिनं सुनेचा हात धरला, आणि दुकान आलं तरी सोडला नाही. कुलूप मलाच उघडावं लागलं.