मागच्या सीटची परीक्षा

इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय वैद्यबुवा कोणत्याही गाडीला हात लावत नसत. वैद्यबुवा हे त्यांचे खरे नाव नव्हे. ते जुन्या गाड्यांच्या बाजाराने दिलेले. विक्रीला आलेल्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून ते क्षणभर डोळे मिटत, आणि पत्रा कोमट लागला तर विकणाऱ्याला शांतपणे सांगत, "आत्ताच फिरवून आणलेली दिसते. उद्या येतो." निद्रिस्त इंजिन प्रथम जागे होताना जे बोलते तेच खरे, एकदा तापले की तेही चारचौघांसारखे गोड बोलू लागते, असे त्यांचे मत होते.

या विद्येची त्यांनी चाळीस वर्षे निष्ठेने उपासना केली होती. बहात्तर कलमांचा एक तक्ता त्यांनी स्वतः तयार केला होता, आणि शहरातले निम्मे व्यापारी आता तोच वापरत. दरवाजांच्या फटींतून बोट फिरवायचे, रंगाखाली लपवलेली पुट्टी शोधायला कापडात गुंडाळलेले लोहचुंबक लावायचे, पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यायचा, तेलाच्या टोपणाची आतली बाजू पाहायची. मग कुठे चावी फिरवायची. आणि हे सारे चालू असताना जवळपास कोणी एक अक्षर बोलायचे नाही, हा दंडक होता. घरच्यांनाही त्यातून सूट नव्हती. अर्धी विद्या कानात असते, असे ते म्हणत.

एका गाडीवर मात्र त्यांची विशेष भक्ती होती. मध्यम आकाराची, चार दारांची, मागे भरपूर डिकी असलेली ती संसारी गाडी तीस वर्षांपूर्वी निघाली आणि तिच्या चार पिढ्या झाल्या. एखाद्या घराण्याचे पणजोबापासून पणतूपर्यंत सगळे जवळून पाहिलेला माणूस जसा बोलतो, तसे ते तिच्याविषयी बोलत. पहिली पिढी चौकोनी, जाड पत्र्याची आणि पेट्रोल पिण्यात उदार. दुसरी उंच आणि गुबगुबीत, पण गिअरबॉक्सने दगा देणारी. तिला हात लावू नका, असे त्यांनी बाजारभर सांगून ठेवले होते. तिसरी लांब, बुटकी, रस्त्याला चिकटून धावणारी. आणि चौथी नुकतीच शोरूममध्ये अवतरलेली. त्यांच्या घरी पहिल्या पिढीची गाडी नऊ वर्षे होती, आणि दुसरी वगळून त्यांनी थेट तिसरी घेतली होती.

त्या तिसरीनेच यंदा घात केला. वैद्यबुवांच्या पत्नीने शाळेत तीस वर्षे भूमिती शिकवली होती. त्यामुळे शेजारीपाजारी आणि व्यापारीही त्यांना बाईच म्हणत. चार महिन्यांपूर्वी बाईंच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली. पुढे डॉक्टरांना दाखवून परत येताना त्या गाडीच्या मागच्या सीटमध्ये अशा रुतल्या की त्यांना बाहेर काढायला जावई आणि इमारतीचा रखवालदार असे दोघे लागले.

"जिन्यावरून कपाट उतरवतात तसं उतरवलं मला," घरात पाऊल टाकताच बाई म्हणाल्या. "रखवालदार तर 'जरा डावीकडे घ्या' म्हणत होता. आता माझी मी बसले आणि माझी मी उतरले, तरच गाडी. नाहीतर चालत जाता येईल तेवढंच जग."

चालत जाता येईल त्या जगात बाईंची थोरली बहीण नव्हती. ती पाच तासांच्या रस्त्यावर राही, ऐंशीची होती, आणि दोघी दर उन्हाळ्यात महिनाभर एकत्र काढत. यंदा ती रोज फोनवर विचारी, "कधी येतेस?" आणि बाई रोज काहीतरी निराळे कारण सांगत. ती कारणे वैद्यबुवांना शेजारच्या खोलीत ऐकू येत.

म्हणून नवी गाडी घ्यायचे ठरले. घेणार होती मुलगी. ती दातांची डॉक्टर होती, आणि आईला मावशीकडे नेण्याचा भार तिने आपण होऊन उचलला होता. शोरूम घरामागे दोन गल्ल्यांवर होते. काठी टेकत बाईसुद्धा पोहोचल्या.

वैद्यबुवांनी चौथ्या पिढीच्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. विक्री करणारी मुलगी लगबगीने पुढे आली. "सर, काही माहिती हवी का?"

वैद्यबुवांच्या मुलीने ओठांवर बोट ठेवले. "आत्ता नको. ते कामात आहेत."

"पण मॅडम, गाडी नवी आहे."

"ते त्यांना सांगू नका."

चाळीस मिनिटे शोरूममध्ये शांतता नांदली. मग रस्त्यावर एक फेरी झाली, आणि परत आल्यावर वैद्यबुवांनी निर्णय दिला. "चारही पिढ्यांत ही श्रेष्ठ. ब्रेक बघ, आवाज बघ, सांधे बघ. पणजीचा भारदस्तपणा आहे आणि आजीचे दोष नाहीत. डोळे झाकून घे."

"आई, बसून बघ ना," मुलगी हरखून म्हणाली.

बाईंनी डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे सीटकडे पाठ केली, दार धरले आणि वाकल्या. उतरत्या छताची कड डोक्याला लागली. त्या आणखी वाकल्या. सीट असावी असे वाटले तिथे ती नव्हती. ती बरीच खाली भेटली. बाई धपकन बसल्या, गुडघे खुब्याच्या वर आले, आणि नेमके तेच करायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले होते.

"आता?" मुलीने विचारले.

"आता काही नाही. आता मी इथेच राहते. जेवण इकडे पाठवत जा."

मुलीने आणि विक्री करणाऱ्या मुलीने मिळून त्यांना बाहेर काढले. सगळे हसले, बाईही हसल्या. पण काठी हातात घेताना त्या हळूच म्हणाल्या, "आज ताईला सांगून टाकते. म्हणावं, फोनवरच भेटू."

ते वाक्य वैद्यबुवांच्या काळजात रुतले. "अगं, पण गाडीत एकही दोष नाही," ते म्हणाले.

"दोष आहे असं मी कुठं म्हटलं? गाडी गुणाची आहे. मी तिच्यात मावत नाही, एवढंच." मग बाईंनी वर्गात विचारावे तसे विचारले, "अहो, तुम्ही कधी मागे बसलाय का?"

वैद्यबुवा आठवू लागले. हजारो गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. चालकाच्या जागेवर ते बसले होते, शेजारी बसले होते, गाडीखाली पाठीवर झोपले होते. एकदा वेल्डिंग पाहायला डिकीत शिरून झाकणही लावून घेतले होते. मागच्या सीटवर मात्र ते चाळीस वर्षांत एकदाही बसले नव्हते. बहात्तर कलमांत मागच्या सीटविषयी एकच कलम होते: कव्हर फाटले आहे का.

ते आत शिरले. छताने त्यांचेही कपाळ शेकले. बसल्यावर खिडकी खांद्यापर्यंत आली आणि बाहेरचे जग जाऊन नुसते छतावरचे दिवे दिसू लागले. उतरण्यासाठी त्यांनी दोन वेळा जोर केला.

"सर, हात देऊ?"

"नको." तिसऱ्यांदा जोर लावून झाला. "द्या."

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलाशी वैद्यबुवा कोरा कागद घेऊन बसले. "आपल्या पहिल्या गाडीत मागे कसं वाटायचं?" त्यांनी विचारले. प्रश्न विचारताना त्यांना उमगले की तो पंचवीस वर्षे उशिरा विचारला जात आहे. सुरुवातीला पुढे त्यांची आई बसे. नंतर मुलीला गाडी लागू लागली म्हणून ती पुढे आली. बाई संसारभर मागे बसल्या होत्या.

"बरी होती की," बाई म्हणाल्या. "डाव्या दारात सारखं कट-कट वाजायचं, ते सोडलं तर."

"कट-कट? कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. विकेपर्यंत."

"नऊ वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"कशी बोलणार? गाडी चालवताना तुमचे कान कायम इंजिनाकडे. तपासताना बोलायचं नाही, हा तुमचाच नियम. आणि तुम्ही तर रोजच तपासायचात."

वैद्यबुवांना आधी वाईट वाटले आणि मग इतके हसू आले की त्यांनी चष्मा काढून ठेवला. आपला दंडक आपल्याच घरात इतका काटेकोर पाळला गेला होता की जिच्या कानांना तो आवाज ऐकू येत होता तिलाच त्यांनी गप्प बसवले होते.

"आता सांग," ते म्हणाले. "तुला काय काय हवं?"

बाईंनी प्रमेय मांडावे तसे सांगितले. सीट गुडघ्याच्या रेषेपेक्षा उंच. दाराची कमान डोक्याच्या वर. उंबरठा अरुंद, म्हणजे पाय जमिनीवर उभा टेकेल. आणि उठताना धरायला काहीतरी पक्के. वैद्यबुवांनी शिवणाच्या डब्यातली टेप आणली, जमिनीवर बसले आणि पत्नीच्या गुडघ्याची उंची मोजली. इंजिनाचे तेल पाहताना ते जितके एकाग्र होत, तितकेच याही वेळी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने त्यांना टेप घेऊन रांगेतल्या गाड्यांची मागची दारे उघडताना पाहिले.

"वैद्यबुवा, गाडीला कपडे शिवताय का?"

"शिवतोय. तुम्ही शेवटचं टोक धरा."

तिसऱ्या पिढीच्या चार गाड्या बाद झाल्या. पहिल्या पिढीच्या गाडीचे दार अरुंद निघाले. मग कोपऱ्यात धूळ खात उभी असलेली गाडी राहिली, आणि वैद्यबुवा तिच्याकडे पाहत घुटमळले. ती दुसऱ्या पिढीची होती. तरी त्यांनी टेप लावली. सीट चौथ्या पिढीपेक्षा चार बोटे उंच. कमान प्रशस्त. उंबरठा जेमतेम पंजाएवढा. दाराच्या वर पक्का मूठदांडा. जणू कुणीतरी बाईंचे माप घेऊनच ती घडवली होती, आणि त्यांनी जाणूनबुजून वगळलेली पिढी नेमकी हीच होती.

"ती नका बघू," व्यापारी म्हणाला. "आठ महिने पडून आहे. गिऱ्हाईक येतं, चक्कर मारतं, खूश होतं, मग म्हणतं, वैद्यबुवा नको म्हणतात."

"कोणत्या वर्षाची?"

"शेवटच्या."

वैद्यबुवांनी टेप गुंडाळली. "पहिल्या दोन वर्षांचा गिअरबॉक्स वाईट होता," ते सावकाश म्हणाले. "नंतर त्यांनी तो बदलला, हे मला ठाऊक होतं. पण मी एकदा सगळ्या पिढीलाच नाव ठेवलं आणि परत तिच्याकडे पाहिलं नाही. चूक झाली माझी."

"जरा मोठ्यानं बोला. आत ऑफिसात आमचे बंधू बसलेत."

वैद्यबुवांनी खरोखरच मोठ्याने सांगितले. आतून बंधू बाहेर आले आणि खुर्ची घेऊन बसले.

दुपारी व्यापारी ती गाडी घेऊन इमारतीच्या फाटकाशी आला. वैद्यबुवांचा हात सवयीने बॉनेटकडे गेला. पत्रा चांगला तापलेला होता. त्यांनी हात काढून घेतला. त्यांनी मागचे दार उघडले.

बाईंनी काठी मुलीकडे दिली, पाठ केली, मूठदांडा धरला आणि बसल्या. वाकावे लागले नाही, धपकन आवाज झाला नाही. पाय आत घेतले. मग पाय बाहेर काढले आणि उभ्या राहिल्या. कोणाचाही हात लागला नव्हता. चेहरा निर्विकार ठेवून त्यांनी ते पुन्हा केले, आणि मग तिसऱ्यांदा, उत्तराचा ताळा करून पाहावा तसे.

"पण बाबा, पंधरा वर्षांची गाडी," मुलगी म्हणाली. आईकडे पाहून तिचे तिलाच हसू आले. "असू दे. माझ्याकडे लोक जुना दात वाचवा म्हणून येतात. मी कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

वैद्यबुवा चालवायला बसले, व्यापारी शेजारी, मायलेकी मागे. पहिल्या वळणावर पोहोचायच्या आत बाई म्हणाल्या, "उजव्या मागच्या चाकातून कुरकुर येते. खड्ड्यात गेल्यावर, एकदाच."

व्यापारी दचकून वैद्यबुवांकडे पाहू लागला. तपासणीत कोणी बोललेले त्याने कधी ऐकले नव्हते. वैद्यबुवांनी गाडी बाजूला घेतली, वाकून खाली पाहिले आणि हात झटकत उठले. "चाकाच्या सांध्यातली रबराची बुश फाटली आहे. मला पुढे काही ऐकू आलं नाही."

"बाईंना आमच्या बाजारात आणू नका," व्यापारी म्हणाला. "दोघं मिळून आलात तर दुकानाला कुलूपच."

"अजून काही?" वैद्यबुवांनी आरशातून पत्नीला विचारले.

"करकचून ब्रेक लावता तेव्हा मान पुढे जाते. पण तो गाडीचा दोष नाही."

फाटकाशी परत आल्यावर वैद्यबुवांनी चावी व्यापाऱ्याला परत न देता खिशात टाकली. "आठवडाभर ठेवतो. थंड गिअरबॉक्स, तापलेला गिअरबॉक्स, चढावर, उतारावर, सगळं पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पाच तासांचा रस्ता आहे."

"आठवडा नाही," बाई मागून म्हणाल्या. "उद्याचा दिवस तुमच्या गिअरबॉक्सचा. तो बरा निघाला तर परवाचा माझा."

वैद्यबुवांनी व्यापाऱ्याकडे पाहिले. व्यापाऱ्याने आकाशाकडे पाहिले.

"उद्या पहाटेपासून लागतो," वैद्यबुवा म्हणाले.

बाईंनी तोवर फोन लावलाही होता. "ताई, परवा निघतेय. हो, गाडीचा गिअरबॉक्स पास झाला तर. पण ते आता लागलेत मागे. नाही गं, कुणी उचललं नाही, माझी मी बसले. तीनदा. तुझ्याकडची ती खोल खुर्ची तेवढी बाजूला काढ. काय? रंग?" त्या थांबल्या. मापांच्या गडबडीत गाडीचा रंग कोणीच पाहिला नव्हता. धूळही बरीच होती.

"निळा आहे, आई," मुलगी सांगू लागली, "मला वाटतं निळा—"

"थांब ताई, बघून सांगते," बाई म्हणाल्या, आणि फोन एका हातात तसाच धरून, दुसऱ्या हाताने मूठदांडा पकडून, गाडीतून खाली उतरल्या.