माळावर परतलेली जोडी

आनंदराज जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता, पण मुरुडच्या आसपासच्या सात-आठ खेड्यांत त्याला सगळे डॉक्टरच म्हणायचे. खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदा लातूरहून यायचे, एरवी तोच. भूकंप झाला त्या साली तो नवा नवा नोकरीला लागला होता. पडलेल्या भिंतींखालून काढलेल्या बैलांच्या जखमा बांधत त्याने पंधरा दिवस काढले. मुक्या जनावराचं कण्हणं त्याच्या कानात बसलं ते तिथंच. म्हणून दोनेक वर्षांनी दुखण्यावरचं नवं इंजेक्शन आलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्याला झाला. बसला तो बसलाच असा बैल तासाभरात उभा राहायचा, वैरणीला तोंड लावायचा. वाचण्यातलं नसलेलं जनावरही निदान शांत मरायचं. दहा वर्षं त्याने ती सुई टोचली.

त्याच दहा वर्षांत माळावरची गिधाडं नाहीशी झाली.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं त्याच्या वडिलांनी. ग्यानोबा पोरवयात गावातली मेलेली ढोरं माळावर ओढून न्यायचे. छप्पन साली घराने बुद्धाची दीक्षा घेतली आणि त्यांनी ती दोरी जी टाकली, ती पुन्हा उचलली नाही. गावाने चार वर्षं वाकडं धरलं, मग ज्याचं ढोर तो ओढू लागला. पण गिधाडांवर म्हाताऱ्याचा राग नव्हता. म्हणायचे, "आमी सुटलो, ती बिचारी कामावर राहिली. आता निसती कुत्री दिसायलीत. गिधाडं कुटं गेली रं?"

"झाडं तुटली, आबा. गेली असतील तिकडं बालाघाटात," आनंदराज सांगायचा. त्यालाही तसंच वाटत होतं.

मग एक दिवस टपालात परिपत्रक आलं. एकच पान. त्या इंजेक्शनचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसात राहतो, ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, म्हणून जनावरांसाठी ते बंद. आनंदराजने ते तीनदा वाचलं. मग कपाटातल्या बाटल्या काढून मोरीत ओतल्या आणि पायरीवर जाऊन बसला.

वडिलांना सांगायची हिंमत झाली नाही. मुलगी मनिषा लातूरला क्लासला होती, खोली करून राहायची. रविवारी ती आली तेव्हा त्याने तिच्यापुढे कागद ठेवला.

"हे आहे की आमच्या नोट्समध्ये," ती म्हणाली. "एका मार्काला येतं, पप्पा. औषधाचं नाव विचारतात." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला हे माहीत नव्हतं का?"

"न्हाई ना," तो म्हणाला. "तेच तर."

पुढच्या हिवाळ्यात एक जोडी आली. माळाच्या कडेला ओढ्यावर एक जुना पिंपळ उरला होता, त्याच्या शेंड्यावर. पांढऱ्या पाठीची, मान आत ओढून बसलेली. आनंदराजने वडिलांना मोटारसायकलवर बसवून नेलं. ग्यानोबांना धड दिसत नव्हतं. "काय करायलीत?" त्यांनी विचारलं.

"एकानं काटकी आणली."

"मग राहतेत," म्हातारा म्हणाला आणि उगीचच हसला. त्यानंतर रोज सकाळी आनंदराज वाट वाकडी करून त्या पिंपळाखालून जाऊ लागला.

होळीनंतर बसवंतचा बैल ओढ्याच्या दरडीवरून घसरला. कंबरच मोडली. आनंदराज पोचला तेव्हा बैल मान आपटत होता, डोळे पांढरे झाले होते. त्या इंजेक्शनऐवजी आलेलं दुसरं औषध दवाखान्यात संपून महिना झाला होता. मागणी पाठवली होती, माल आला नव्हता. बसवंतने खिशातून बाटली काढली. माणसांच्या मेडिकलमधून आणलेली, तीच.

"हे बंद झालंय, बसवंतराव."

"गिधाडासाठी ना? मग ह्या माझ्या बैलानं काय गुन्हा केलाय, साहेब? बघा की त्याच्याकडं."

आनंदराजने बघितलं. बैल कण्हत होता. त्याने सुई भरली.

"मेला तर पुरायचा," तो म्हणाला. "खोल. माळावर न्यायचा न्हाई."

"हाव, पुरतो. शब्द देतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी पिंपळ मोकळा होता. माळाच्या मधोमध बसवंतचा मेलेला बैल पडला होता आणि त्याच्यावर दोन्ही गिधाडं. आनंदराजने गाडी तशीच आडवी टाकली, ओरडत पळाला, हाताला लागेल तो दगड भिरकावला. ज्यांना बघायला रोज वाट वाकडी केली त्यांनाच तो हाकलत होता. पाखरं दहा पावलं उडी मारून सरकत, पंख पसरून थांबत, पुन्हा येत. त्यांच्या गळ्याखालच्या पिशव्या खाऊन फुगल्या होत्या. ते दिसल्यावर त्याच्या हातातला दगड खाली पडला.

दुपारी बसवंत आला. तोंड उतरलेलं. "दोन हात खोदलं साहेब, खाली कातळ. जेसीबी लातूरला गेलाय, होस्टेलचे पाये खोदायला. वास सुटला, शेजारचे भांडाया लागले. काय करू?"

दोघांनी मिळून बैलावर दगड रचले, काटे टाकले.

दुसऱ्या दिवशी एक गिधाड फांदीवर मान खाली सोडून बसलं होतं. संध्याकाळी ते पडलं. दुसरं त्याला बाभळीखाली सापडलं, अजून जिवंत. डोळ्यांवर पापणी येत होती, जात होती. आनंदराजपाशी त्याला द्यायला काहीच नव्हतं. तो शेजारी बसून राहिला. मग ओढ्याच्या मऊ मातीत दोन्ही पुरली.

घरी ग्यानोबा ओट्यावर होते. "दिसली का जोडी?"

"मेली, आबा. बसवंतच्या बैलाला टोचलं ते खाऊन. माझ्याच सुईनं. ही पण, अन् मागची सगळी पण."

म्हातारा म्हणाला, "बैल उठला का?"

"न्हाई."

ग्यानोबांनी काठी घेतली, भिंतीला धरून आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आनंदराजने बदलीचा अर्ज केला. मंजूर झाली ती मुदखेडकडची, तीन वर्षांनी. तोवर माळाचे प्लॉट पडले होते.