चिंबोरीवरचं टिंब

मित्रांनो, मी एक जुना फळा. किन्हवलीपलीकडच्या एका वाडीतल्या शाळेचा. मुरबाडच्या महिपत सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवलं. पंचवीस वर्षं मी पाढे नि बाराखडी अंगावर झेलली. पुढे वर्गात मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. एक पाय मोडका, त्याखाली वीट. पण आमच्याकडे विजेचा काही नेम नाही. ती गेली की सगळ्यांना माझी आठवण होते बरं!

त्या दिवशीही वीज गेली होती. लातूरकडून नवे आलेले रविंद्र गुरुजी माझ्यावर चित्रं काढत होते. एक चित्र काढून त्यांनी विचारलं, "हे काय?"

दुसरीतली गंगी पटकन उभी राहिली. ती वाडीच्या टोकाच्या झोपडीतली. वर्षभर तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

"चिंबोरी!"

"चूक. खेकडा म्हणायचं," गुरुजी म्हणाले आणि पोरं खो खो हसली. ज्यांच्या घरी आदल्या रात्री चिंबोऱ्यांचा रस्सा झाला होता, तीच जास्त हसली! गंगी मटकन खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही. मी लाकडाचा असलो तरी मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी शेजारच्या वर्गाच्या दिपिकाबाईंनी गुरुजींना गाठलं. त्या इथल्याच. "अहो सर, चिंबोरी म्हंजे खेकडाच. आमी सगळे घरी तेच बोलतो."

गुरुजींचा चेहरा पडला. ते आपणहून मुख्याध्यापिका निर्मलाबाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, "चूक वर्गासमोर झाली, तर दुरुस्तीही वर्गासमोरच करा. आणि गंगीच्या वडलांना मानाने बोलावू. चला, मी येते सोबत."

शनिवारी गंगीचा बाप बुधू पिशवी घेऊन दारात उभा राहिला. गंगी त्याच्या मागे लपलेली.

"मी भायेरच बरा, बाय. मला लिवता येत नाय."

"आज तुम्हीच गुरुजी," असं म्हणत निर्मलाबाईंनी त्याला थेट माझ्यापाशी आणलं.

बुधूने पिशवीतून जिवंत चिंबोरी काढली. "पोरांनो, पाठीमागनं धरायची. फुडून धरली का चावलीच!" त्याने ती खाली सोडली मात्र, गुरुजी टुणकन खुर्चीवर चढले! सगळा वर्ग हसला. गंगीने पुढे होऊन चिंबोरी अलगद उचलली.

"उतरा गुरुजी. आता नाय चावत."

गुरुजी उतरले. "गंगी, चूक माझी होती," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्यावर 'खेकडा' लिहिलं आणि शेजारी लिहिलं 'चिबोरी'.

गंगीने मान हलवली. चिंबोरी बापाकडे दिली, खडू घेतला, टाचा उंचावल्या आणि 'चि'वर टिंब दिलं. गुरुजी ते विसरले होते की मुद्दाम राहू दिलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आता ती रोज येते. आणि बोलते तर इतकी, की दिपिकाबाईंना पलीकडून ओरडावं लागतं!

मित्रांनो, माझा मोडका पाय तेवढा ठोकून द्या. मला ओल्या फडक्याने रोज पुसा, त्याचं मला दुःख नाही. पण कुणाच्या घरचा शब्द मात्र पुसू नका.