ट्रक ठेवायला जागा

त्या घरात टोमण्यांचा व्यवहार रोखीचा होता. सासूनं सकाळी दिलेला सुनेनं संध्याकाळच्या आत फेडायचा. उधारी कोणाच्याच नावावर राहत नसे, आणि म्हणूनच की काय, दोघींचं बरं चाललं होतं. मुलगा लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर लोकांच्या वर-खाली जाण्याची सोय करून घरी आला की तो सोफ्यावर आडवा व्हायचा, आणि टीव्हीखालचं गेमचं मशीन चालू करायचा. सासूबाई त्या मशीनला ‘डबा’ म्हणत.

“बसला डबा उघडून!”

“पाच मिनिटं, आई.”

“तुझ्या बाबांचीही पाच मिनिटं अशीच असायची. ‘आलोच’ म्हणून ट्रक काढायचे, ते आठवड्यानं उगवायचे.”

ट्रक हा सासूबाईंचा जुना खटला. नवरा लांबपल्ल्याचा ड्रायव्हर. तो रस्त्यावर आणि बायको दारात, असा त्यांचा संसार. ट्रकला त्या उघडउघड सवत म्हणत. तो घराखाली उभा असला तरी कधी वर चढून बसल्या नाहीत. पुढे नवरा गेला, ट्रक विकला गेला, पण तक्रार त्यांनी मोडीत काढली नव्हती. रोज पुसून जागेवर ठेवत.

त्यामुळे ह्या बाई रोज दुपारी, घरात कोणी नसताना, त्याच डब्यावर ट्रक चालवतात असं कोणी शपथेवर सांगितलं असतं, तर सांगणाऱ्याचीच तब्येत विचारावी लागली असती.

सुनेला संशय आला तो चष्म्यावरून. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला मदत करायची. एके दिवशी सासूबाई स्वतःच्या पायांनी दुकानात हजर. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, तरी काठी टेकत आल्या.

“वाचायचा आहे ना तुमच्याकडे? आणि लांबचाही आहे.”

“मधला नाही.”

“मधलं काय बघायचंय?”

“मधलं म्हणजे... मधलं. एवढ्यावरचं.” त्यांनी हवेत एक अंतर दाखवलं. “खिडकीतून बघायला.”

खिडकीतून समोरची भिंत दिसते, आणि ती याच्या दुप्पट लांब आहे, हे सुनेला ठाऊक होतं. त्यांनी दाखवलेलं अंतर तिनं घरी जाऊन मनातल्या मनात मांडलं. सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यापासून बरोबर टीव्हीपर्यंत भरलं. मग तिनं गेमचा कंट्रोलर उचलून नाकाशी नेला. त्याला गुडघ्याच्या मलमाचा वास येत होता. नवऱ्याचे गुडघे ठणठणीत होते.

पुढे एकदा डोकं दुखतं म्हणून ती दुपारीच घरी आली आणि दार ढकलून थबकली. टीव्हीचा आवाज बंद. सासूबाई पाय स्टुलावर टाकून, नवा चष्मा लावून, ताठ बसलेल्या. पडद्यावर ट्रकच्या काचेतून दिसणारा रस्ता, समोर लाल सिग्नल. चौकात चिटपाखरू नव्हतं. त्या गेममध्ये सिग्नल तोडला तरी फारसं काही बिघडत नाही. पण सासूबाई थांबल्या होत्या. हिरवा झाला, त्यांनी इंडिकेटर दिला, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे पाहिलं, तेही स्वतःची मान वळवून, आणि ट्रक काढला.

सून पावलं न वाजवता खाली गेली. शेजारणीशी जरा गप्पा मारल्या, आणि मग जिन्यात चपला आपटत, खोकत वर आली. टीव्ही बंद होता. सासूबाई भाजी निवडत होत्या.

“आज लवकर?”

“डोकं दुखतंय.”

“दुकानात दुसऱ्यांचे डोळे बघून बघून दुखणारच. जरा घराकडेही बघावं.”

“बघते ना,” सून म्हणाली. “बरंच दिसतं.”

हा टोमणा सासूबाईंना कळला नाही. तो तेवढा एकच खात्यावर शिल्लक राहिला.

पंचाईत झाली ती शनिवारी सकाळी. दुसऱ्या दिवशी मुलाचे मित्र नवा फुटबॉलचा गेम खेळायला यायचे होते, आणि मशीनमध्ये जागा नव्हती.

“काहीतरी काढावं लागणार,” चहा पिताना तो म्हणाला. “ते ट्रकचं पडलंय कधीपासून. मशीन घेतलं तेव्हा दोन दिवस खेळलो असेन. कोण खेळतंय? आज आलो की उडवतो.”

सासूबाईंचा कप ओठांशीच राहिला. सून त्यांच्याकडे न बघता बघत होती.

“काढ की,” सासूबाई म्हणाल्या. “सगळंच काढ. डबाच काढ, म्हणजे घराला बरे दिवस येतील.” मग कप खाली ठेवून, अगदी सहज विचारलं, “काढलं म्हणजे ते जातं कुठं?”

“कुठं जाणार? जातं.”

“म्हणजे परत नाही?”

“तुला काय करायचंय?”

“मला काय करायचंय!” त्या उठून आत गेल्या.

बोलून दाखवायचं, तर इतके दिवस त्या डब्याला घातलेल्या शिव्या आधी गिळायला हव्या होत्या, आणि त्यांचा घास सासूबाईंच्या घशाखाली उतरण्यासारखा नव्हता. गप्प बसायचं, तर ट्रक जाणार. ऑपरेशननंतर हॉलमध्ये पडल्या पडल्या, टीव्ही बंद करायला रिमोटऐवजी कंट्रोलर उचलल्यानं चुकून हाती आलेला तो ट्रक त्यांनी मोठ्या कष्टानं शिकून घेतला होता. गियर, घाट, वजनकाटा सगळं जमलं होतं. जमत नव्हती एकच गोष्ट: माल उतरवायच्या जागी ट्रक मागं घेणं. तिथं त्या हार मानून ‘आपोआप लावा’चं बटण दाबायच्या, आणि दर वेळी त्यांना त्याची लाज वाटायची.

दोघं कामावर गेल्यावर सासूबाईंनी काठी घेतली आणि कोपऱ्यावरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान गाठलं.

“एक ट्रक ठेवायला जागा पाहिजे.”

दुकानदारानं मान वर केली. “पार्किंग मागच्या गल्लीत, काकू.”

“खरा नव्हे रे. डब्यातला. टीव्हीखालचा डबा असतो ना, त्यातला. डबा भरलाय. आणि महागाचं काही दाखवू नकोस.”

दुकानदार हुशार होता, हसला नाही. त्यानं कप्प्यातून साबणाच्या वडीएवढी एक काळी हार्ड डिस्क काढली. वायर जोडलेली, कंपनी कोणती ते देवाला माहीत.

“हे मशीनला बाहेरून लावायचं. स्वस्तातलं आहे, आधीच सांगतो. नवे मोठे गेम यावरून चालत नाहीत, नुसते ठेवता येतात. जुने चालतात. तुमचा ट्रकचा जुना आहे, तो चालेल. फक्त सुरू व्हायला वेळ लावेल.”

“लावू दे. यांचाही थंडीत इंजिन तापल्याशिवाय हलत नसे.”

“आणि काकू, गेम यावर जात असताना वायर काढायची नाही. काढली की गेला.”

घरी येऊन त्यांनी वायर जोडली. वायर जायची एकच जागा होती, म्हणून जमलं. टीव्ही लावला तर पडद्यावर भलीमोठी सूचना. डिस्क वापरायची असेल तर आधी त्यावरचं सगळं पुसलं जाईल. पुसू?

‘सगळं’ म्हणजे कोणाचं सगळं? सासूबाई चष्मा काढून पुसून आल्या, तरी वाक्य तेच. अंगठा बटणावर ठेवून त्या बसून राहिल्या. शेवटी फोन उचलला.

सुनेच्या समोर त्या वेळी एक गृहस्थ जाड भिंगांची चौकट लावून भिंतीवरची अक्षरं वाचत होते.

“अगं, मी बोलतेय. कामात आहेस का?”

“बोला आई.”

“मला काही नाही. शेजारणीनं विचारलंय. तिच्याकडेही तसलाच डबा आहे. त्याला बाहेरून काहीतरी लावलंय तिनं, आणि तो म्हणतो सगळं पुसू का. ती घाबरलीय बिचारी.”

शेजारणीकडे टीव्हीसुद्धा नव्हता. सुनेनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“शेजारणीला सांगा, घाबरू नका. नवं भांडं आणलं की आपण घासून मगच वापरतो ना? तसं आहे ते. फक्त नव्या भांड्यातलं पुसणार. डब्यातलं जिथल्या तिथं राहतं.”

“नक्की? म्हणजे, ती विचारतेय.”

“नक्की. तिला म्हणावं, हो दाबा.”

पलीकडे दीर्घ श्वास. मग, “दाबलं... असं ती म्हणतेय.”

“आता गेमच्या यादीत जायला सांगा. ट्रकवर यायचं.”

शेजारणीचा गेम ट्रकचा आहे, हे सासूबाई बोलल्याच नव्हत्या.

“पुढची ओळ वाचू का?” गृहस्थांनी विचारलं.

“वाचा ना, छान वाचताय,” सून म्हणाली, आणि फोनमध्ये, “तिथं दोन गोष्टी दिसतील. एक ‘काढा’, एक ‘हलवा’. शेजारणीला सांगा, ‘हलवा’. काहीही झालं तरी ‘काढा’ नाही.”

“हलवा,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “सांगते तिला.” आणि जरा थांबून, “शेजारीण म्हणते, सुनेचे उपकार झाले.”

“शेजारणीला सांगा, माझ्याही सासूबाई चांगल्या आहेत. तोंडच तेवढं...”

“बास! फोन ठेव. गिऱ्हाईक बसलंय ना तुझं?”

पडद्यावर एक पट्टी भरू लागली. स्वस्तातली वस्तू स्वस्ताईच्या चालीनं चालली होती. निम्मी पट्टी भरेपर्यंत सासूबाईंचं सगळं घर आवरून झालं. पट्टी पुरी होत आली तेव्हा त्या मोरीत फडकं पिळत होत्या, आणि दाराची कडी वाजली. मुलगा. लिफ्टचा सुटा भाग आला नाही म्हणून लवकर सुटला होता.

“आई, टीव्ही चालू कसा? आणि हे काय लटकतंय?” तो वाकला. मशीनच्या मागे काळी वडी, तिच्यावर लुकलुकणारा दिवा. मेकॅनिक माणूस, आपण न लावलेली वायर दिसली की त्याचा हात आधी जातो. दोन बोटांत त्यानं वायरचं टोक धरलं.

“हात लावू नकोस! माल चढतोय!”

तो आवाज त्या घरात कित्येक वर्षांत कोणी ऐकला नव्हता. मुलाचा हात चटका बसावा तसा मागे आला. मोरीच्या दारात आई, हातात गळतं फडकं, काठी कुठं राहिली तिलाही माहीत नाही. त्यानं पडद्याकडे पाहिलं. पट्टी, आणि पट्टीवर ट्रकचं चित्र.

“आई... हे तू...?”

आता ‘शेजारीण’ म्हणून भागण्यासारखं नव्हतं. सासूबाई येऊन सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसल्या, आणि मलमाची ट्यूब उगीचच हातात घेतली.

“कोण खेळतंय, विचारलंस ना सकाळी? मी खेळतेय.”

मुलगा हसला असता तर ती बाई पुन्हा कधी त्या डब्याजवळ गेली नसती. त्याचं नशीब, किंवा वडिलांची पुण्याई म्हणा, तो हसला नाही. जमिनीवरच बसला.

“सांगायचंस की. आणि काढला असता तरी तुझा प्रवास आत सेव्ह राहिला असता. परत टाकला की होतीस तिथून पुढे.”

“राहिला असता. पण परत टाकला असतास का तू? मी तिथं आहे हे तुला कुठं माहीत होतं?”

दोघं पट्टी भरताना बघत राहिले. भरली. दिवा लुकलुकायचा थांबला. मशीनमध्ये फुटबॉलपुरती जागा झाली होती, आणि ट्रक यादीत होता, फक्त आता बाहेरच्या डिस्कवर.

“लावून बघ,” मुलगा म्हणाला. “नीट गेलाय का ते तरी कळेल.”

“तुझ्यासमोर?”

“मी भिंतीकडे बघतो.”

ट्रक सुरू व्हायला खरंच वेळ लागला. “तापतंय,” सासूबाई म्हणाल्या. मग रस्ता आला. काल जिथं सोडला होता तिथंच ट्रक उभा होता, मालासकट, शहराच्या वेशीवर. मुलगा भिंतीकडे बघत नव्हता. आई रिकाम्या चौकात इंडिकेटर देत होती, आणि बाबांसारखीच, वळताना जीभ दातांत धरत होती. त्याला ती सवय आठवली. आपल्याला ती ठाऊक आहे हेच तो विसरला होता.

“बाबांनी तुला कधी नेलं नाही ना ग?”

“ते म्हणायचे, चल. मीच गेले नाही. म्हटलं, एकदा चढले की भांडायला काय उरेल?”

गोदाम आलं. आखलेल्या जागेत ट्रक मागून घालायचा होता. सासूबाईंनी अंगठा ‘आपोआप लावा’कडे नेला.

“हे काय? लाव की.”

“नाही जमत. मागचं दिसत नाही. यांना क्लीनर असायचा मागं, मला कोण आहे?”

मुलगा उठला आणि टीव्हीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. लहानपणी सुट्टीत वडिलांच्या ट्रकमागे उभा राहायचा तसा. ट्रक घराखाली लावताना हे काम कायम त्याचं असायचं.

“घे मागं. स्टिअरिंग डावीकडे तोड. येऊ दे... येऊ दे...”

“आत्ताच धडकेल!”

“मी बघतोय ना. येऊ दे, येऊ दे, अजून... थोडं उजवीकडे... येऊ दे...” त्यानं कपाटाच्या फळीवर तळहात आपटला. “बस!”

ट्रक रेघेत उभा होता. जरासा वाकडा, पण रेघेत.

जिन्यात चपला वाजल्या, मोठ्यानं, आणि मागोमाग खोकला. दोघं होते तिथंच थांबले. सुनेनं दार उघडलं, पडद्यावरचा ट्रक पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

“शेजारणीचं जमलं का?”

सासूबाईंनी कंट्रोलर लपवला नाही.

“चहा टाक,” त्या म्हणाल्या. “तीन कप. क्लीनरच्या चहात साखर जास्त.”