मीटर एकोणीसचा दोष

मीटर १९

“बोट ठेव. बोट ठेवून दाखव, मग मी मान खाली घालतो.”

मागवाल्याने कापडाचं थान तपासणीच्या टेबलावर आपटलं आणि एकोणिसाव्या मीटरपाशी उलगडलं. काचेखालचा दिवा लागलेलाच होता. पांढऱ्या कापडावर निळ्या खडूचा गोल होता. गोलाच्या आत काहीच नव्हतं.

भिंगताई वाकली. बावीस वर्षं ती या टेबलाशी उभी होती. मागावरून उतरलेलं प्रत्येक थान तिच्या नजरेखालून जायचं आणि सुटलेला धागा, गाठ, तेलाचा ठिपका दिसला की त्यावर खडूचा गोल पडायचा. तिचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

“आहे की. काळा धागा. वाकडा गेलाय.”

“कुठे?”

“हा.”

तिने बोट ठेवलं. धागा बोटापुढे सरकला. तिने बोट पुढे नेलं, तो आणखी पुढे गेला.

मागवाला हसला नाही. आठवड्यात तिसरा गोल पडला म्हणून त्याचा माग परवापासून खोलून ठेवला होता, स्क्रू न् स्क्रू जमिनीवर. मागात काही सापडलं नव्हतं. “म्हणजे राहिलो मीच,” तो म्हणाला. सोमवारी त्याला मागावरून काढून कापडाच्या गासड्या बांधायला पाठवणार होते.

तो गेल्यावर भिंगताईने भिंतीकडे पाहिलं. काळा धागा भिंतीवर होता. मग छताकडे. तिथेही.

मीटर ०

इथे जरा मागे यायला हवं, कारण चूक इथली आहे.

नव्या तपासनिसांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. डोळा सांगेल, बोट खात्री करेल, मगच खडू. कापडावरून बोट फिरवायचं. डोळा फसतो, कातडी सहसा फसत नाही. हा नियम तिचा. आणि तो आधी सोडला तिनेच. केव्हा, ते तिला आठवत नव्हतं. बोट फिरवणं तिला नवशिक्यांचं काम वाटायला लागलं होतं.

मीटर १ ते १८

तपासलं नाही.

म्हणजे, नऊ वर्षं. साखर निघाली तेव्हापासूनची. गोळ्या घेतल्या, चहातली साखर सोडली, लग्नकार्यात मात्र हात सैल सुटायचा. साखरेच्या डॉक्टरांनी दोनदा कागदावर लिहून दिलं होतं, डोळ्याचा पडदा तपासून घ्या. दोन्ही वेळा तिने घरी येऊन लेकीला तो कागद वाचून दाखवला होता, हातभर लांब धरून, चष्म्याशिवाय. “बघ. मला आणि डोळे तपासायला सांगतात.”

दोघी खूप हसल्या होत्या.

मीटर २० ते २३ : धूसर

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातल्यावर अर्ध्या तासाने समोरच्या पाटीवरची अक्षरं विरघळली. आजवर असं अर्धवट दिसणं तिच्या वाट्याला आलं नव्हतं. शेजारी लेक हात धरून बसली होती आणि अधूनमधून, काही होणार नाही गं आई, असं म्हणत होती. शेवटी भिंगताईने तिला गप्प बस म्हणून सांगितलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ प्रकाश टाकून पाहिलं. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. साखरेने आतल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर केल्या, नव्या फुटल्या त्याही कच्च्या, त्यातली एक गळली. तो काळा धागा म्हणजे तेच रक्त.

“कधीपासून आहे हे?”

“गळलंय आत्ता. बिघडत चाललंय दोन-तीन वर्षं तरी.”

“मग मला दिसलं कसं नाही? मी धागे मोजते, बाई.”

“सुरुवात कडेला होते. मधलं शाबूत असेपर्यंत डोळा तक्रार करत नाही.”

किनारीचा दोष सगळ्यात उशिरा सापडतो, हे भिंगताईला कोणी सांगायची गरज नव्हती.

मग तिने विचारलं, ते एखाद्या थानाबद्दल विचारावं तसं. किती गेलं, किती वाचेल. डॉक्टरीणबाईंनीही सरळ सांगितलं. रक्त ओसरायला काही आठवडे लागतील. लेसर करावं लागेल, कदाचित डोळ्यात इंजेक्शनंही. त्याने आहे ते टिकतं, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे, पण तो वेळेत सापडलाय. साखर आणि रक्तदाब आवरायचा आणि दिलेली एकही तारीख चुकवायची नाही.

“लेसर आजच करा,” भिंगताई म्हणाली.

मीटर १९, पुन्हा

सोमवारी पाळी सुरू होण्याआधी ती थेट खात्याच्या साहेबांच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली की तिन्ही थानं निर्दोष आहेत, दोष तपासणाऱ्याच्या डोळ्यात आहे, तसा शेरा लिहून घ्या. साहेब म्हणाले, असू द्या, होतं कधीकधी, थानं गुपचूप सोडून देऊ. ती उभीच राहिली. शेरा लिहून होईपर्यंत हलली नाही.

मग तिने आपलं तपासणीचं टेबल मागितलं, पण अर्ध्या दिवसाचं. बाकी अर्धा दिवस नव्यांना बोटाने कापड वाचायला शिकवीन म्हणाली.

मागवाला गासड्यांच्या खोलीकडे निघाला होता. तिने त्याला दारात गाठलं. बगलेत एकोणिसाव्या मीटरचं थान होतं. त्याच्यासमोर तिने ते उलगडलं आणि पदराने खडूचा गोल पुसायला लागली. निळा सहज जाईना.

“राहू दे गं, धुण्यात जाईल,” तो म्हणाला.

“मी काढलाय. मीच पुसणार.”

मग थानाचं दुसरं टोक त्याने ताणून धरलं.

शेवटचा तुकडा

माग पुन्हा जोडल्यावर मागवाल्याने त्यावर पहिल्यांदा चौकटीचं कापड काढलं, हातरुमालापेक्षा थोडं मोठं, पांढऱ्यावर काळ्या बारीक चौकटी. कागदात गुंडाळून तिच्या टेबलावर ठेवलं. “यात दोष काढून दाखव.”

आता ते तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी टाचलेलं आहे. रोज सकाळी साखर मोजून झाली की ती हातभर अंतरावर उभी राहते. उजवा डोळा झाकते. सगळ्या चौकटी सरळ. डावा झाकते. खालच्या कोपऱ्यात चार चौकटी वाकतात, पाचवी नाहीच.

ती पुढे होऊन तिथे बोट फिरवते. कापड गुळगुळीत आहे.

पहिल्या दिवशी तिने त्या पाच चौकटींभोवती निळा गोल काढला आणि खाली तारीख घातली. गोलाबाहेरची एक जरी चौकट हलली, तरी पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे लेकीलाही सांगून ठेवलंय.

आज सत्तेचाळिसावा दिवस. गोल तेवढाच आहे. भिंगताईने हात खाली घेतला, डबा उचलला आणि कामाला निघाली.